परबांच्या पायाचं ड्रॉइंग

परबकाका माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी पायांकडे. मरोळच्या पंपांच्या कारखान्यात मी ट्रेसर म्हणून, म्हणजे ड्रॉइंगं शाईनं गिरवायला, लागले, त्या पहिल्याच दिवशी जिन्यात एक बुटके, रुंद, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ समोरून आले. माझ्या नव्याकोऱ्या सँडलकडे बघत दोन पायऱ्या पुढे गेले, थांबले आणि वळून म्हणाले, "डावी चावता ना गो, बाय?"

चावत होती. पण हे मी घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ती सँडल मी आईचं न ऐकता घेतली होती. मी म्हटलं, "नाही तर." ते म्हणाले, "बरा," आणि खाली निघून गेले. दुपारी माझ्या टेबलावर कॉर्कचा एक पातळ, अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा ठेवलेला होता. तो टाचेखाली सरकवला आणि पुढची तीन वर्षं ती सँडल मी वापरली.

कॉर्क हा परबांचा धंदा. ते गास्केट कापायचे. पंपाचे दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसवायचे तर मध्ये कॉर्कची किंवा रबराची चकती घालावी लागते, नाहीतर पाणी गळतं. ती चकती म्हणजे गास्केट. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, आणि माणूस चौतीस वर्षं एकच काम करतो तेव्हा त्याला जगात दुसरं काही दिसेनासं होतं. "दोन कडक वस्तू असल्या की मध्ये एक मऊ वस्तू व्हयी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. युनियन आणि साहेब यांच्यात बोलणी फिसकटली की परब म्हणत, मध्ये गास्केट नव्हती. त्यांच्या घरी त्यांची आई आणि बायको वीस वर्षं एका स्वयंपाकघरात नांदल्या, त्याचं श्रेयही ते स्वतःकडे घेत. "मध्ये मी होतंय," असं छातीवर हात ठेवून सांगत. काकींना याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, होते ना. दोन्हीकडून दाबले जायचे आणि गप्प बसायचे."

रस्ता कडक, हाड कडक, म्हणून मध्ये बूट. इतकं साधं तत्त्वज्ञान. पण सत्तावन्नाव्या वर्षी हा माणूस पळायला का लागला, हे मात्र कोणालाच कळेना. तेव्हा आमच्याकडे हौसेनं पळण्याची पद्धत नव्हती. माणूस पळतो तो बस चुकत असेल तर, कुत्रं मागे लागलं तर किंवा पोलीस मागे लागला तर. परब पहाटे अर्धी खाकी चड्डी आणि बाह्यांचा गंजिफ्रॉक घालून आरेच्या रस्त्याला धावत जायचे. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं दोनदा सायकल थांबवून विचारलं, "काय झालं हो? कोण गेलं?"

त्यांची बूटखरेदी मी डोळ्यांनी बघितली. अंधेरी स्टेशनसमोरच्या एका दुकानात मी आईच्या चपला बघत होते, तर हे काकींना घेऊन हजर. वेळ संध्याकाळी सातची, कारण "पाय सकाळचो खोटा बोलता. दिवसभर उभा ऱ्हावन सुजलो की मग खरा काय ता सांगता." हे आजही पळणारी शहाणी माणसं सांगतात, परबांना ते सुजलेल्या पायांनी शिकवलं होतं. दुकानदारानं पांढऱ्या कॅनव्हासचे आठ जोड काढले. परबांनी प्रत्येक जोड वाकवला, पिळला, कानाजवळ धरून टाचेवर टिचकी मारली आणि वास घेतला. मग एक जोड पायात चढवून म्हणाले, "जरा पळून बगतंय."

"इथे पळा ना," दुकानदार म्हणाला.

"हंय? दोन ढांगात भिंत येता. बाहेर जातंय, पुलापर्यंत."

"अहो काका, बूट घेऊन पळालात तर मी कोणाला धरू?"

परबांनी क्षणभर विचार केला आणि काकींकडे बोट दाखवलं. "ही बसलीसा ना."

काकी स्टुलावर बसल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. दुकानदारानं त्यांच्याकडे बघितलं, काकींनी दुकानदाराकडे. परब निघून गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दुकानदार दारात जाऊन मान लांब करकरून बघायला लागला. काकी शांतपणे म्हणाल्या, "येतील हो. पस्तीस वर्षं येतायत." परब घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले, सैल आहेत, एक नंबर लहान द्या.

इथेच त्यांची चूक झाली, आणि ती गास्केट कापणाऱ्या माणसाचीच चूक होती. त्यांच्या लेखी फट म्हणजे गळती. गास्केट तंतोतंत बसली पाहिजे, तसा बूटही. त्यांनी बोटं शेवटपर्यंत टेकतील असा जोड घेतला आणि महिनाभर आरेचा उतार उतरले. उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या नाकावर आपटतात. दोन्ही अंगठ्यांची नखं आधी निळी पडली, मग काळी. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक नख काढून माझ्यासमोर ठेवलं. मी डबा बंद केला.

"बाय, माज्या पायाचा ड्रॉइंग काढून दी," ते म्हणाले.

"कशाला, काका?"

"नीट बूट शिवून घेवचे आसत. दुकानातले बूट दुकानदाराच्या पायाचे असतत. माजो पाय वेगळो आसा." मग खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. परब सांगताना मधूनमधून हसत होते, म्हणून मीही हसले. घरी गेल्यावर मात्र मला फार वाईट वाटलं.

बाविसाव्या वर्षी मालवणहून मुंबईला आले ते पोलीसभरतीसाठी. गावात त्यांच्याएवढं कोणी पळत नसे. भरतीच्या मैदानावर शंभरेक पोरं रांगेत उभी. पळायची पाळी यायच्या आधी सगळ्यांना ओल्या पायानं कोरड्या फरशीवर चालायला लावलं. बाकीच्यांची पावलं उमटतात तशी उमटली, मध्ये कमानीची पोकळी सोडून. परबांचं पाऊल उमटलं ते टाचेपासून बोटापर्यंत सलग, भाकरीसारखं. सपाट पाय. तपासणाऱ्यानं वर न बघताच हातानं खूण केली, बाजूला. "आईक माज्या त्या पावलाचा कोण कवतिक! गौरी येवच्या दिवशी अंगणात माकाच ओल्या पायान चालवी. म्हणा, पूर्ण पाऊल आसा, लक्ष्मी पूर्ण येतली. आणि हंय ह्येनी..." इथे ते हसले. "नापास केल्यानी त्याचा काय नाय गो. पण माका पळाकच दिल्यानी नाय. पळून नापास झालं असतंय तर घराक जावन गप झोपलं असतंय."

म्हणजे गोष्ट इतकी होती. आरेच्या रस्त्यावर रोज पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळायची. त्यांना एक निवृत्त हवालदार शिकवत, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांचा नियम होता: मैलभर अंतर, आठ मिनिटं, जो आत आला तो पास. परबांना निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं. त्याआधी एकदा त्या पोरांच्या मागे उभं राहून त्यांना तो मैल आठ मिनिटांत पळायचा होता. बाकी कोणाशी काही घेणंदेणं नव्हतं. तेव्हा पळायला दिलं असतं तर आपण पास झालो असतो की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

मी पाय काढला. नुसती बाह्यरेषा नाही. मला माझ्या कामाचा माज होता. त्यांना ट्रेसिंग कागदावर उभं केलं, गुण्या लावून मापं घेतली, वरून एक दृश्य, बाजूनं एक, आणि मधोमध कापलेला छेद, म्हणजे सेक्शन. छेद अगदी सपाट आला, विटेसारखा. खाली चौकटीत सवयीनं लिहिलं: परब, डावा, नग एक. उजवा याच्या उलट. 'मटेरियल'ची जागा रिकामी ठेवली, कारण तिथे काय लिहिणार? आणि चहाला गेले.

परत आले तर कागद जागेवर नाही. शिपायानं टेबलावरची सगळी ड्रॉइंगं उचलून सहीसाठी जोगसाहेबांकडे नेली होती. जोगसाहेब आमचे मुख्य ड्राफ्ट्समन. हुशार माणूस, पण चहाच्या आधी सह्या करायचा. आमच्याकडे कामं गिऱ्हाइकाच्या नावानं ओळखली जात. कोणी परब नावाचं गिऱ्हाईक असेल असं त्यांना वाटलं असावं. मटेरियलची जागा रिकामी बघून त्यांनी स्वतःच्या हातानं 'ओतीव लोखंड' असं भरलं, 'मंजूर'चा शिक्का मारला आणि सही ठोकली. मला हे कळलं तेव्हा ड्रॉइंगची प्रिंट खाली कारखान्यात जाऊन पोचली होती. वर जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी स्वतःला समजावलं की खाली बघताक्षणी कोणीतरी परत पाठवेल.

खाली होते पांचाळ मेस्त्री. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो पांचाळ करायचे. पांचाळ मेस्त्रींचं एकच तत्त्व होतं: सही असली की प्रश्न विचारायचा नाही. आठ दिवस त्यांनी खपून सागवानाचा पाय तासला. बोटांच्या मधल्या खाचासुद्धा. मग त्याचा उलटा उजवा केला. दोन्हींना नियमाप्रमाणे लाल रंग दिला आणि एका सकाळी दोन लाल पाय काखेत मारून ते थेट ड्रॉइंग ऑफिसमध्ये आले.

"साहेब, एक शंका आहे."

जोगसाहेबांनी चष्मा वर केला. आम्ही सहाजणी मान खाली घालून शाई भरायला लागलो.

"हा भरीव ओतायचा की पोकळ? ड्रॉइंगमध्ये आत पाण्याची वाट दाखवलेली नाही."

जोगसाहेबांनी लाल पाय हातात घेतला, उलटा केला, अंगठा बघितला. मग प्रिंट बघितली. मग प्रिंटवरची स्वतःची सही. जोगसाहेबांनी आयुष्यात चूक कबूल केलेली नव्हती, ते आता काय करतात म्हणून आमचे कान टवकारलेले. त्यांनी पाय टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा प्रायोगिक जॉब आहे, मेस्त्री. ओतायचा नाही. परबांना द्या. ट्रायल घेऊ देत."

मेस्त्री "बरं साहेब" म्हणून गेले. जोगसाहेबांनी मला आत बोलवलं, दार लावलं आणि दहा मिनिटं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शेवटी मात्र म्हणाले, "सेक्शन चांगला काढलायस."

आता गंमत अशी, की तो लाकडी पाय परबांच्या पायाहून मोठा होता. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना करणारा थोडं जास्तीचं माप धरतो. वर घासायला-तासायला म्हणून चारी बाजूंनी अजून थोडं. पांचाळांनी ते सगळं इमानेइतबारे धरलं होतं. परबांनी आपला पाय त्याच्या शेजारी ठेवला. लाल अंगठा जवळजवळ बोटभर पुढे.

"मेस्त्री, ह्यो वाढलो कसो?"

"तापल्यावर आणि गार झाल्यावर माप एक राहत नाही, परब. मोकळीक ठेवायला लागते."

परब त्या पायाकडे बराच वेळ बघत बसले. मग आपल्या काळ्या नखांकडे. मग हळूच म्हणाले, "पळताना पाय तापताच की रे." चौतीस वर्षांचं 'फट म्हणजे गळती' त्या दिवशी संपलं. पुढे ते येईल त्याला बुटाच्या पुढे बोटभर मोकळी जागा सोडायला सांगत, जणू स्वतःच शोध लावलाय.

मरोळ नाक्यावर चपला शिवणारे शिवरामभाऊ बसायचे. त्यांनी लाल पाय बघून आधी हात जोडले. असला सुबक फर्मा त्यांनी जन्मात बघितला नव्हता. त्या फर्म्यावर जाड कॅनव्हासचा बूट शिवला, खाली रबराचा तळ. आत घालायची कॉर्कची गादी परबांनी स्वतः कापली, साहेबांना विचारून आणलेल्या भंगारातल्या तुकड्यांतून. जिथे कमान नव्हती तिथे कमानीएवढा उंचवटा देऊन. "देवान गास्केट घालूक इसारल्यान," ते म्हणाले, "ती मी घातलंय." ते बूट दिसायला भयंकर होते. पुढे फेंगडे, मध्ये फुगलेले, मागे उंच. काकींनी ते घरात घ्यायला नकार दिला, म्हणून ते बाहेर तुळशीमागे राहत.

मग दहा महिने सराव. जोगसाहेबांनी स्वतःच प्रयोग म्हटल्यामुळे त्यांना दर सोमवारी विचारावंच लागायचं, "परब, ट्रायल कसं चाललंय?" आणि परब उभं राहून सांगायचे, "साडेनऊ मिनिटां, साहेब." पावसाळ्यात साडेनऊवर अडकले. दिवाळीला नऊ झाले. एकदा गुडघा धरला तेव्हा सगळ्या ड्रॉइंग ऑफिसचं तोंड उतरलं. संक्रांतीनंतर साडेआठ. जोगसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अर्धं मिनिट कुठून काढायचं?" जणू पंपातून काढायचं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला परबांची निवृत्ती. त्याच्या आधीच्या रविवारी पहाटे मी, काकी आणि पांचाळ मेस्त्री आरेच्या रस्त्यावर उभे होतो. जोगसाहेब गोरेगावहून रिक्षा करून आले आणि आपण सहज फिरायला आलो असं म्हणाले. कामाच्या वेळा मोजायचं स्टॉपवॉच त्यांच्याच खिशातून निघालं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालायला लागले.

उस्ताद उंच, वाळके, कडक. परबांना त्यांनी नखशिखांत न्याहाळलं, बुटांवर नजर थांबली. "ये क्या है?"

"बूट, उस्ताद."

"वय?"

"अठ्ठावन्नाला पाच दिवस कमी."

उस्तादांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, का कोण जाणे. मग म्हणाले, "शेवटच्या रांगेत. चक्कर आली तर गवतावर पडायचं, रस्त्यावर नाही."

शिट्टी झाली. वीस-पंचवीस पोरं सुटली आणि त्यांच्या मागे परब. पळताना त्यांचे हात पोहल्यासारखे चालत. वळणापाशी सगळे दिसेनासे झाले. अंतर म्हणजे पुलापर्यंत जाऊन परत. चार मिनिटं नुसतं बघत राहायचं. काकी पदराचं टोक पिळत होत्या. पांचाळ दर थोड्या वेळानं विचारत, "शिवण टिकेल ना?" मला एवढंच कळत होतं की माझ्या हातातलं घड्याळ थांबवता आलं असतं तर मी थांबवलं असतं.

साडेपाच मिनिटांनी पहिली पोरं आली. सहा, साडेसहा. घोळका आला, त्यात परब नाहीत. सात. मग वळणावर दोघं दिसले. पुढे एक पोरगा लंगडत, मागे परब. परब त्याच्या बरोबरीला आले, आणि तेवढ्या धापेतसुद्धा ओरडले, "मेल्या, लेस ढिली कर! बोटांका जागा ठेव!" आणि त्याला मागे टाकून पुढे आले. जोगसाहेब, जे ऑफिसात कधी मोठ्यानं शिंकले नव्हते, ते रस्त्याच्या मध्ये येऊन ओरडायला लागले, "परब! अर्धं मिनिट! अर्धं मिनिट, परब!"

उस्तादांनी हात खाली केला तेव्हा मी बटण दाबलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला काटे दिसेनात. जोगसाहेबांनी घड्याळ काढून घेतलं आणि वाचलं. सात मिनिटं, छप्पन्न सेकंद.

परब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. उस्ताद म्हणाले, "पास." रोज म्हणत तसंच, कोरडं.

परबांनी मान वर केली. मला वाटलं, आता उड्या मारतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा थेट तोंडाकडे, आणि लहान पोरासारखं म्हणाले, "म्हणजे तेवापण मी पासच होतंय गो, बाय." आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. छत्तीस वर्षांचं रडू होतं ते.

काकी पुढे झाल्या. पदरानं त्यांचं तोंड पुसत म्हणाल्या, "बरं झालं घेतलं नाही ते. आधीच घरात कोणाचं ऐकत नाही, वर हातात काठी मिळाली असती." परब रडता रडता हसायला लागले.

रस्त्याकडेला पाण्याचा नळ होता, त्याच्यापुढे सिमेंटचा कोरडा ओटा. परबांनी बूट काढले, पाय धुतले आणि बूट हातात घेऊन ओट्यावरून आमच्याकडे चालत आले. मागे पावलं उमटत गेली. टाचेपासून बोटापर्यंत सलग, पूर्ण. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते पांचाळांना कॉर्क कुठे दबलाय ते दाखवत होते. उस्ताद मात्र त्या पावलांकडे बघत उभे राहिले. चौतीस-पस्तीस वर्षं पोलिसांत काढलेला माणूस. त्यांना ते ठसे वाचायला कोणी शिकवायला नको होतं.

तोंड धुवायला पोरं नळाकडे धावली. उस्तादांनी हात आडवा केला.

"थांबा रे. त्यावर पाय देऊ नका," ते म्हणाले. "आधी सुकू दे."

पोरं काही न कळून उभी राहिली. परब तोवर काकींबरोबर उतारावरून अनवाणी खाली निघाले होते, ते दोन भयंकर बूट लेसनं गळ्यात अडकवून, आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्याच्या चपलांकडे बघत होते.